लेकीचं प्रदर्शन आणि ‘वापरकर्ती क्रमांक ३’



आज आपण एका वेगळ्याच प्रदर्शनाबद्दल बोलणार आहोत. या प्रदर्शनाला हॉल नाही, तिकीट नाही, दारात रांगोळी नाही. ते आपल्या हातातल्या मोबाइलवर उघडतं. एखाद्या दुपारी लेकीचा, भाचीचा किंवा शेजारच्या मुलीचा निरोप येतो, ‘आमच्या कॉलेजचं पदवी प्रदर्शन सुरू झालंय, लिंक पाठवलीय, नक्की बघा.’ आपण लिंक उघडतो. रंगीत चौकटी दिसतात, चित्रं वर सरकतात, मजकूर बहुतेक इंग्रजीत असतो. आपण ‘खूप छान’ असं लिहून अंगठा पाठवतो आणि पुन्हा कुकरकडे वळतो.

आम्हीही बरेच दिवस असंच करत होतो. मग आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीच्या लेकीचं प्रदर्शन आलं आणि त्या एका लिंकवरून आमच्यात आठवडाभर बोलणं चाललं. तेव्हा आम्हाला कळलं, की हे प्रदर्शन नुसतं पाहायचं नसतं, वाचायचं असतं. ते कसं वाचायचं आणि आपण, न शिकलेल्या किंवा वेगळं शिकलेल्या बायकांनी, त्यात काय बोलायचं, तेच आज सांगायचं आहे.

आधी एक साधा प्रश्न. डिझाइन म्हणजे काय? आपल्याकडे हा शब्द ब्लाउजच्या गळ्याला, मेंदीला किंवा साडीच्या काठाला चिकटलेला आहे. तेही डिझाइनच. पण एवढंच नव्हे. तुम्ही मतदानाला जाता तेव्हा समोरच्या यंत्रावर उमेदवाराचं नाव असतं, चिन्ह असतं, शेजारी निळं बटण असतं. बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि लांबलचक आवाज येतो. अक्षर न येणाऱ्या आजीलाही कळतं, की आपलं मत पडलं. हे कुणीतरी विचार करून ठरवलेलं आहे. या यंत्राला रूप देण्यात मुंबईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या प्राध्यापकांचा मोठा वाटा होता. हे केंद्र पवईला १९६९ साली सुरू झालं. आपल्या रुपयाचं चिन्हही तिथेच शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी काढलं. २०१० साली सरकारने ते स्वीकारलं. नीट पाहिलंत तर त्यात आपला ‘र’ आणि त्याची शिरोरेषा दिसते.

आणखी मागे जाऊ. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतलं डिझायनर जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून आपला देश फिरलं आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. त्यांना सगळ्यांत सुंदर कोणती वस्तू वाटली असेल? आपला तांब्या! त्यात किती पाणी मावतं, तो डोक्यावर, कमरेवर, हातात कसा नेता येतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का, हाताला कसा लागतो, अशा कितीतरी गोष्टींचा विचार त्या एका तांब्यात आहे, असं त्यांनी मांडलं. आणि तो कुणा एकाने घडवलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांनी आणि करणाऱ्यांनी मिळून घडवला आहे, असंही. त्या अहवालाच्या आधाराने १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली.

म्हणजे मैत्रिणींनो, डिझाइन म्हणजे कुणाची तरी अडचण नीट समजून घेऊन तिला रूप देणं. तांब्या पाणी वाहणाऱ्यांनी घडवला, हे आज लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता पुण्याकडे येऊ. आपल्या शहरात हे शिक्षण देणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत. विमाननगरला सिंबायोसिसची डिझाइन संस्था २००४ साली सुरू झाली. लोणी काळभोरला एमआयटी इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन २००६ साली सुरू झाली. ज्या महर्षी कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, त्यांच्या स्त्री शिक्षण संस्थेतही आज मुली फॅशनचं शिक्षण घेतात. डिझाइनचा पदवी अभ्यासक्रम साधारण चार वर्षांचा असतो. पुष्कळ आयांना वाटतं, की विज्ञान शाखा घेतली तरच हे जमतं. तसं नाही. आयआयटी मुंबई २०१५ पासून ‘यूसीड’ नावाची प्रवेश परीक्षा घेते. कला, वाणिज्य, विज्ञान, बारावी कुठल्याही शाखेतून केलेली मुलगी ती देऊ शकते.

चौथ्या वर्षी मुलगी एकच मोठं काम हाती घेते. त्याला पदवी प्रकल्प म्हणतात. काही महिने ती एखाद्या कंपनीत, स्वयंसेवी संस्थेत किंवा स्वतः निवडलेल्या विषयावर काम करते. लोकांना भेटते, टिपणं काढते, कच्ची चित्रं काढते, पुठ्ठ्याचे नमुने करते, ते मोडते, पुन्हा करते. शेवटी परीक्षकांसमोर सगळं मांडते. आणि मग प्रदर्शन. तिथे कंपन्यांचे लोक येतात, जुने विद्यार्थी येतात, कधी कधी तिथेच नोकरीची पहिली ओळख होते. चार वर्षांची फी, होस्टेलचा खर्च, रात्रींची जागरणं, या सगळ्याचं फळ त्या एका टेबलावर मांडलेलं असतं.

२०२० साली ते टेबलच गेलं. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. कॉलेजं बंद, कार्यशाळा बंद, अर्धवट नमुने कपाटात कुलूपबंद. मुलं घरी परतली. तेव्हा देशोदेशीच्या डिझाइन संस्थांनी पदवी प्रदर्शनं इंटरनेटवर भरवली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टसारख्या नावाजलेल्या संस्थेनेही त्या जुलैत तेच केलं. तिथल्या अनेक विद्यार्थ्यांना ते मुळीच आवडलं नव्हतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं, की हाताने केलेलं काम पडद्यावर कसं दाखवायचं? कापडाचा पोत, लाकडाचं वजन, मातीचा गारवा मोबाइलवर कसा कळणार? तक्रार खरीच होती. पण पुढे हॉल उघडले तरी ऑनलाइन प्रदर्शनाची रीत मागे उरलीच. कारण तिचा एक फायदा मोठा होता. एरवी जे लोक कधी प्रदर्शनाला गेलेच नसते, त्यांच्या घरात ते पोचलं.

आमच्या मैत्रिणीच्या घरातही ते असंच पोचलं.

ही मैत्रीण कोथरूडकडच्या एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. लेक डिझाइनला. एरवी प्रदर्शन कॉलेजात भरलं असतं, तर ही गेली नसती. कामाचा खाडा परवडत नाही, आणि ‘तिथे सगळे इंग्रजीत बोलणार, मी काय करू जाऊन?’ हेही होतंच. पण त्या पावसाळ्यात लिंक आली आणि तिने घरातल्या पलंगावर बसून लेकीचं काम पहिल्यांदा पाहिलं.

लेकीने विषय घेतला होता पोळ्या लाटणाऱ्या बायकांचा. जानेवारी-फेब्रुवारीत ती आईबरोबर केंद्रात जाऊन बसायची, मापं घ्यायची. तिचं निरीक्षण असं होतं. केंद्रातला ओटा सगळ्यांसाठी एकाच उंचीचा. उंच बाई कमरेत वाकून लाटते, तिची पाठ धरते. बुटकी बाई खांदे उचलून लाटते, तिची मान आणि खांदे धरतात. ज्या कामात वरून दाब द्यावा लागतो, त्या कामाची जागा उभ्या माणसाच्या कोपरापेक्षा थोडी खाली हवी, असं शास्त्र सांगतं. प्रत्येकीचं कोपर वेगळ्या उंचीवर, ओटा मात्र एकच. मग ओटा न तोडता काय करता येईल? लेकीने पायाखाली घ्यायच्या, एकावर एक बसणाऱ्या फळ्या काढल्या आणि पोळपाटाखाली ठेवायची एक बैठक काढली. जिला जेवढी उंची हवी, तेवढी तिने घ्यायची. शिवाय एक पाय जरा वर टेकवायला छोटी पायरी, म्हणजे तासन्‌तास उभं राहताना पाठीला उसंत. कार्यशाळा बंद असल्यामुळे नमुना तिने घरीच थर्माकोल, पुठ्ठा आणि जुन्या पाटाचा केला.

आमची मैत्रीण कौतुकाने चित्रं सरकवत होती. एका चित्रात नुसते हात होते, लाटण्यावरचे. मनगटाजवळ भाजल्याचा डाग. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. धाकट्या मुलाने वाचून सांगितल्या. ‘वापरकर्ती ३. वय ४६. रोज ८ तास उभ्याने काम. उजवा खांदा दुखतो.’

तिने आम्हाला फोन केला. म्हणाली, ‘अगं, मी वापरकर्ती क्रमांक ३ आहे.’

ती हसत होती की तिला लागलं होतं, ते आम्हाला फोनवर नीट कळलं नाही. बहुधा दोन्ही.

रात्री मायलेकी बोलल्या. लेक म्हणाली, ‘आई, नाव लिहायचं नाही असंच आम्हाला शिकवलंय. तू खांदा दुखतो म्हणून सांगितलंस. उद्या ते केंद्राच्या मालकांनी वाचलं आणि हिला आता काम झेपत नाही असं ठरवलं तर? हे पान कुणीही, कुठूनही उघडू शकतं. म्हणून क्रमांक.’ आईला हे पटलं. आम्हालाही पटलं. ज्या बाईने विश्वासाने आपलं दुखणं सांगितलं, तिचं नाव झाकणं हा तिच्याविषयीचा आदर आहे.

पण आई पुढे म्हणाली, ‘दोन गोष्टी तरीही चुकल्या. एक म्हणजे आठ तास नाहीत. केंद्रातले आठ, आणि घरी आल्यावर आपल्या पोळ्या कोण लाटतं? ते धर. दुसरं, पायाखालच्या फळीची कल्पना तू “माझी संकल्पना” म्हणून लिहिलीस. आमच्या केंद्रातल्या त्या बुटक्या ताई कित्येक वर्षं घरून पाट आणून त्यावर उभ्या राहतात. तू तिथेच पाहिलंस ना?’

लेक गप्प झाली. तिने चोरी केली नव्हती. तिने पाट पाहिला, टिपून घेतला, त्यावर महिने घालवले, मापं काढली, आणि शेवटी लिहिताना मूळ कुठलं ते तिच्या हातून निसटलं. हे अगदी सहज होतं. आणि म्हणूनच ते कुणीतरी लक्षात आणून द्यावं लागतं.

मैत्रिणींनो, आम्हाला इथेच या सगळ्याचं सार सापडलं. दुखणं सांगणारीचं नाव झाकायचं. युक्ती देणारीचं नाव सांगायचं. आणि दोघींनाही आधी विचारायचं.

हा प्रश्न एका पाटापुरता नाही. आपल्या कसबा पेठेतली तांबट आळी आठवा. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके देऊन मठार काढणारे कारागीर तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आज मठारलेले दिवे आणि फुलदाण्या महागड्या दुकानांत दिसतात. त्या वस्तूचं रूप एखाद्या डिझायनरचं असेल, पण ठोका कुणाचा? वारली चित्रांचंही तसंच. लग्नात भिंतीवर चौक लिहिण्याचा मान सवाष्णींचा होता. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरीही उशीच्या अभ्र्यावर आणि चहाच्या कपावर वारली माणसं नाचताना दिसतात, तेव्हा ती कुणाच्या हातची, हे क्वचितच लिहिलेलं असतं. पुण्यातल्या मुली प्रकल्पासाठी अशा कारागिरांकडे जातात, महिनाभर शिकतात. प्रदर्शनाच्या पानावर कारागिराचा फोटो येतो, पण खाली लिहिलेलं असतं नुसतं ‘स्थानिक कारागीर’. त्याच्या हातांचा फोटो चालतो, मग त्याला विचारून त्याचं नाव का नको?

तेव्हा पुढच्या वेळी लिंक आली, की हे तीन प्रश्न विचारा.

पहिला, हे कुणासाठी? मुलीने तुम्हाला मराठीत, दोन वाक्यांत सांगावं. ते जमलं नाही, तर तिला स्वतःलाही अजून पुरतं उमगलेलं नाही असं समजा. नोकरीच्या मुलाखतीत तिला हेच विचारणार आहेत. सराव तुमच्यासमोर होऊ दे.

दुसरा, कुणाला विचारून? चांगल्या प्रकल्पाच्या पानावर नुसती शेवटची झळझळीत वस्तू नसते. भेटलेली माणसं, फसलेले प्रयत्न, कच्ची चित्रं, खाडाखोड हेही असतं. तेच नीट पहा. आणि हेही विचारा, की ही वस्तू खरोखर केली आहे का? आजकाल संगणकावर हुबेहूब फोटोसारखं चित्र तयार करतात, त्याला रेंडर म्हणतात. रेंडर करण्यात लबाडी नाही, पण ते रेंडर आहे हे लिहिलेलं असावं. संगणकातल्या खुर्चीवर अजून कुणी बसलेलं नसतं.

तिसरा, कुणाच्या हातांनी? युक्ती कुणाची, शिवण कुणाची, सुतारकाम कुणाचं, फोटो कुणी काढले, भाषांतर कुणी केलं? पानाच्या तळाशी आभारांच्या चार ओळी लिहायला पैसे पडत नाहीत.

आता थोडं मुलींसाठी. ऑनलाइन प्रदर्शन म्हणजे जगासमोर जाहीर करणं, हे विसरू नका. आपल्या देशात २००० सालचा डिझाइन कायदा आहे. वस्तूचा आकार, घडण, नक्षी यांची नोंदणी केली तर आधी दहा वर्षं आणि मुदत वाढवून घेतली तर आणखी पाच वर्षं संरक्षण मिळतं. पण मोठी अट अशी, की रूप नवं हवं, नोंदणीचा अर्ज करण्याआधी कुठेही प्रसिद्ध झालेलं नको. म्हणजे आधी प्रदर्शनाच्या पानावर टाकलं आणि मग नोंदणीला गेलं, तर हक्क हातचा जाऊ शकतो. तुमच्या प्रकल्पात विकण्याजोगी नवी वस्तू असेल, तर पान खुलं होण्याआधी कॉलेजात विचारा. अर्ज आधी करायचा, प्रदर्शन नंतर. प्रकल्प कंपनीसाठी केला असेल, तर काय दाखवायची परवानगी आहे, ते लेखी घ्या.

दुसरं, संपर्काचा पत्ता. नोकरी देणाऱ्याने तुम्हाला शोधावं म्हणून पानावर संपर्क द्यावा लागतोच. पण त्यासाठी वेगळा ईमेल उघडा. मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता टाकू नका. पान वर्षानुवर्षं तिथेच राहतं, आणि ते वाचणारा प्रत्येक जण नोकरी द्यायलाच आलेला असतो असं नाही.

तिसरं, परवानगी. कुणाचा फोटो, आवाज, घर, दुकान दाखवणार असाल तर त्यांना आधी मोबाइलवर ते पान उघडून दाखवा. ‘कॉलेजसाठी हवंय’ एवढं सांगून घेतलेला फोटो वर्गात दाखवणं वेगळं आणि जगाला दाखवणं वेगळं. तो फरक समोरच्या बाईला तिच्या भाषेत समजावून सांगा आणि तिला नाही म्हणायची मोकळीक द्या.

आणि आता आपल्यासाठी, म्हणजे आया, मावश्या, आत्या, शेजारणींसाठी. ‘खूप छान’ हा आशीर्वाद झाला. त्याने मुलीला बरं वाटतं, पण तिच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी एक खरा प्रश्न पाठवा. ‘हे धुवायचं कसं?’ ‘हे किती जड आहे?’ ‘एका हातात बाळ असेल तर हे उघडेल का?’ हे प्रश्न आपल्याला सुचतात, कारण आपण वस्तू रोज वापरतो. तांब्याला रूप आलं ते अशाच प्रश्नांतून. परीक्षकांकडे शिक्षण असतं, आपल्याकडे वापर असतो. मुलीला दोन्ही लागतं.

आमच्या मैत्रिणीच्या लेकीने काय केलं, ते सांगायचं राहिलं. तिने कॉलेजला कळवून पानावरचा मजकूर बदलला. केंद्रातल्या त्या ताईंना फोन लावला. पाटाची गोष्ट लिहू का, नाव टाकू का, म्हणून विचारलं. ताई आधी म्हणाल्या, ‘पाटाचं काय कौतुक, माझे पाय पुरत नाहीत म्हणून आणते.’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘टाक. पण नुसतं नाव टाक, आडनाव नको.’ आता पायाखालच्या फळीच्या चित्राखाली त्यांचं नाव आहे आणि ही युक्ती त्यांची, असं इंग्रजीत आणि मराठीतही लिहिलेलं आहे.

आमच्या मैत्रिणीला मात्र नाव नकोच होतं. ती अजूनही वापरकर्ती क्रमांक ३ आहे. तिच्यापुढचा तासांचा आकडा तेवढा बदलला आहे. तिथे आता लिहिलं आहे, ‘केंद्रात ८ तास, त्यानंतर घरी.’

तुमच्या ओळखीच्या एखाद्या मुलीचं प्रदर्शन असेल तर या आठवड्यात ते उघडा, हे तीन प्रश्न विचारा, आणि तिने काय उत्तर दिलं ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी तुमचे अनुभव घेऊन पुन्हा भेटू. तोवर पोळ्या लाटताना एक पाय जरा उंचावर टेकवून बघा. पाठीला बरं वाटेल.